दोन्ही बाजूंचे पट्टे

सिंगापूरच्या उत्तर किनाऱ्यावरच्या कांदळवनात मी वाघीण होऊन रांगले आहे. थट्टा नाही. दोन झाडांना समोरासमोर दोन कॅमेरे बांधलेले, मध्ये घोट्याएवढा चिखल, आणि त्या चिखलातून मी दोन हात, दोन पाय टेकून चाललेली. आमच्या बॉसबाई, जन्माने सिंगापूरच्या आणि वयाने पन्नाशीच्या, काठावर उभ्या राहून सांगत होत्या, "पाठ आणखी खाली. वाघ एवढा उंच नसतो." मी मनात म्हटलं, बाई, मी चंद्रपूर जिल्ह्यातली आहे, वाघाची उंची मला शिकवू नका. तोंडाने मात्र "ओके" म्हटलं आणि पाठ खाली घेतली.

ही दोन हजार पंधराच्या आसपासची गोष्ट. मी तिथल्या एका प्रयोगशाळेत संशोधन सहायक होते आणि आमचं काम होतं सुंदरबनातल्या वाघांचं. तिकडे भरतीच्या वेळी अर्धं जंगल पाण्याखाली जातं आणि वाघ एका बेटावरून दुसऱ्या बेटावर पोहत जातो. कॅमेरा खाली बांधला तर बुडतो, वर बांधला तर वाघाच्या डोक्यावरून पलीकडची झाडं टिपत बसतो. म्हणून पाठवण्याआधी कॅमेऱ्यांची प्रत्येक जोडी आम्ही सिंगापूरच्या चिखलात तपासून घ्यायचो. इथेही कधीकाळी वाघ होते म्हणे. आता नाहीत, तेव्हा त्यांची जागा मला भरून काढावी लागायची. माझ्याखेरीज त्या कॅमेऱ्यांत घोरपडी यायच्या, पाणमांजरं यायची आणि गळ टाकून बसलेले एक म्हातारे अंकल यायचे, जे कॅमेरा दिसला की टोपी नीट करायचे.

कॅमेरे समोरासमोर दोन का, हे मला सगळे विचारत. वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे आणि उजव्या कुशीवरचे पट्टे एकसारखे नसतात. डावी बाजू पाहून उजवीचा अंदाज करता येत नाही. एकाच बाजूचा फोटो असला तर तो वाघ अर्धाच ओळखीचा. म्हणून वाघ मधून गेला की दोन्हीकडून एकाच वेळी फोटो निघायला हवेत. आमच्या संगणकात अशा ओळखीच्या वाघांचा संग्रह होता. त्यांना नावं नव्हती, नुसते नंबर. नाव दिलं की माया लागते, असं बॉसबाईंचं म्हणणं. माया काय, ती नंबरालाही लागते.

संगणक नवा फोटो घेऊन संग्रहातले मिळतेजुळते चेहरे, म्हणजे मिळत्याजुळत्या कुशी, काढून द्यायचा. शेवटचा निर्णय माणसाचा. आणि इथे आपल्या माणसांची एक खोड आड येते. आपल्याकडे बाळ बघायला गेलं की पहिलं काम, ते कोणावर गेलंय हे ठरवणं. नाक आत्याचं, कपाळ आजोबांचं, रडणं थेट बापाचं. साम्य शोधायला आपण जन्मतःच तयार असतो. पट्टे जुळवताना ही सवय मोडावी लागते. दहा पट्टे सारखे असले आणि एक ठामपणे वेगळा निघाला, तर तो वाघ वेगळा. ही गोष्ट अंगवळणी पडायला मला बरेच महिने लागले, आणि त्यानंतर मात्र मी कोणाचंही बाळ बघून बोलेनाशी झाले. मैत्रिणी नाराज झाल्या.

आम्ही राहायचो बुकित पंजांगला. नवरा जुरोंग आयलंडवर एका रिफायनरीत इंजिनिअर. सकाळी कंपनीची बस, गळ्यात पास, आणि गेटवर फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी, कारण आत फोटो काढायची बंदी. "तू दिवसभर वाघांचे फोटो बघ, आम्हाला पाइपचाही काढता येत नाही," असं तो म्हणायचा. सुंदरबनचं काम सिंगापुरात बसून करायचं याला त्याच्या लेखी एकच नाव होतं: उंटावरून शेळ्या हाकणं. मी चिडायचे. चिडायचे, कारण ते थोडंसं खरं होतं.

पण माझ्या कामाचा खरा राग होता तो आईला. त्याला कारणही तसंच होतं. मी शाळेत असताना माझा मामा, आईचा धाकटा भाऊ, पहाटे मोहफुलं वेचायला जंगलात गेला आणि वाघाने त्याला मारलं. वाकून फुलं वेचणारा माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असं नंतर कोणीतरी समजावून सांगितलं होतं. त्याचा आईला काय उपयोग? गाव खवळलं. काही दिवसांनी त्याच भागात एक वाघ पकडला गेला आणि त्याला लांबच्या प्राणिसंग्रहालयात नेऊन ठेवलं. आई एकदा मुद्दाम तिथे गेली. पिंजऱ्यासमोर उभी राहिली आणि परत आली. तो वाघ तोच होता का, हे कोणी विचारलं नाही. कोणीतरी पकडला जायला हवा होता, कोणीतरी पकडला गेला. मी वाघांच्या कामाला लागले तेव्हा आई फोनवर एवढंच म्हणाली, "वाघ म्हटलं तरी खाते, वाघोबा म्हटलं तरी खाते. तू जाय बापा त्याचे फोटो काढाले." त्यानंतर ती माझ्या कामाबद्दल विचारायची नाही. पाऊस, भाव, नातेवाईक, जेवण, झालं.

अशात एक दिवस सुंदरबनातून आमच्या तिकडच्या सहकाऱ्यांचा निरोप आला. जंगलाच्या काठावरच्या एका गावात, गोठ्यामागे लावलेल्या पिंजऱ्यात एक वाघीण सापडली होती. त्याच गावातला एक माणूस काही आठवड्यांपूर्वी खाडीत खेकडे पकडायला गेला असताना वाघाने मारला होता. गावाच्या मते तीच ही. मारणाऱ्या वाघाचा फोटो कोणाकडेच नव्हता. आता तिकडच्या अधिकाऱ्यांना आमच्याकडून एकच उत्तर हवं होतं: ही वाघीण तुमच्या संग्रहात आहे का? ती आधीपासून ओळखीची असेल, तिचं राहतं जंगल कळत असेल आणि तो माणूस मेला तेव्हा ती दुसरीकडे होती असं दिसत असेल, तर तिला तिच्या जंगलात परत सोडता येईल. अनोळखी निघाली तर तिच्या बाजूने बोलायला काहीच नाही. मग ती शहरातल्या पिंजऱ्यात जाईल, जन्मभरासाठी. निर्णय दोन दिवसांत व्हायचा होता, कारण गावात लोक जमत होते आणि वाघीण गजांवर डोकं आपटून घेत होती. तिने स्वतःला जखमा करू नयेत म्हणून पिंजऱ्याला चारी बाजूंनी कापड गुंडाळलं होतं, आणि ते उघडून पुन्हा फोटो काढायला डॉक्टरांनी साफ मनाई केली होती.

कापड लावण्याआधीचे चार-पाच फोटो होते. बहुतेकांत गजांमागे नुसतं पिवळं-काळं काहीतरी. एकच फोटो स्वच्छ होता, एका पूर्ण कुशीचा. माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकारी मुलीने तो नेहमीप्रमाणे आधी कातरला. आमच्याकडे नियम असा होता की फोटोत माणूस आला तर त्याला कापून टाकायचं आणि पुढे फक्त वाघ ठेवायचा. नियम वाईट नव्हता. जंगलात चोरून लाकूड तोडणारे, मध काढणारे, गरीब लोक कॅमेऱ्यात येत. त्यांचे चेहरे आम्ही जपून ठेवणं बरं नव्हे. शिवाय संगणकाला माणसाचा काय उपयोग?

कातरलेली डावी कूस संगणकाला दिली. संग्रहातल्या सगळ्या डाव्या कुशींशी ताडून पाहिली. संगणकाने जे जवळचे म्हणून काढले ते मी डोळ्यांनी तपासले. कोणीच जुळेना. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही दोघी आलटून पालटून बघत होतो. शेवटी ती खुर्ची मागे ढकलत म्हणाली, "नॉट इन्साइड लाह." म्हणजे संग्रहात नाही. बॉसबाईंनी येऊन स्वतः पाहिलं, मान हलवली आणि उत्तराचा मसुदा करायला सांगितलं.

मला तो मसुदा लिहवेना. चोर सोडून संन्याशाला फाशी, एवढं एकच डोक्यात घोळत होतं, आणि ही संन्यासीण आहे याचा माझ्याकडे काडीचा पुरावा नव्हता. कदाचित तिनेच मारलं असेल. तेही मला मान्य होतं. नुसतं माहीत नसताना तिला आत टाकायचं, हे मात्र सहन होत नव्हतं. आमच्या घरात वाघाची कुठलीही बातमी आली की पहिला प्रश्न असायचा, तिथं माणूस कोण होता? मी मूळ फोटो उघडला, तो न कातरलेला. तिच्याजवळ कोण उभं होतं, हे मला बघायचं होतं.

एक पंचविशीतला पहारेकरी होता. पिंजऱ्याकडे पाठ, चेहऱ्यावर घाबरलेलं आणि खूश झालेलं असं दोन्ही मिळून हसू. एक हात पुढे लांबवलेला. साधा पांढरा शर्ट, एकच खिसा, खिशात पेन. मी त्याच्याकडे बघत बसले. काहीतरी खटकत होतं. नवऱ्याच्या कामावरच्या शर्टांना मी वर्षानुवर्षं इस्त्री केली आहे. खिसा डावीकडे असतो, छातीच्या, हृदयाच्या बाजूला, त्यातच तो पासची पट्टी कोंबतो. या मुलाचा खिसा उजव्या छातीवर होता.

शिंप्याने चूक केली असेल, असं आधी वाटलं. मग तो लांबवलेला हात पुन्हा पाहिला. तो फोन धरलेला हात होता. त्या मुलाने सेल्फी काढली होती. काही फोनांत समोरचा कॅमेरा आरशासारखा उलटा फोटो ठेवतो. आम्ही माणूस कापून टाकला आणि त्याच्याबरोबर आरसाही कापून टाकला.

तिकडच्या सहकाऱ्याकडून, गावाजवळच राहणाऱ्या त्या मुलाचा नंबर घेऊन मी फोन लावला. हिंदीत विचारलं, फोटो सेल्फी होता का? तो हळू आवाजात म्हणाला, "मैडम, गलती हो गई. नौकरी चली जाएगी." मी म्हटलं, "किसी को आपका नाम नहीं बताऊँगी. बस इतना बताइए, वह आपके पीछे खड़ी थी तो उसका मुँह किस तरफ था?" त्याने आठवून सांगितलं की तोंड नदीकडे होतं. नदी कुठल्या हाताला? "बाएँ हाथ को, मैडम." फोटोत ते तोंड त्याच्या उजव्या हाताला होतं. एवढं पुरे होतं. मी त्याला म्हटलं की त्याच्या त्या फोटोने कदाचित तिचं भलं होईल. तो म्हणाला, "भगवान करे." एका माणसाला मारल्याचा आरोप असलेल्या वाघिणीसाठी त्याच गावाजवळचा मुलगा असं म्हणतो, हे ऐकून मला फार बरं वाटलं.

फोटो सुलटा केला. डावी कूस उजवी झाली. संगणकाने पहिल्याच दमात एक नंबर वर काढला. मी माझ्या खोडीला आवर घातला आणि साम्य न शोधता फरक शोधायला बसले. बरगड्यांवरचा चिमट्यासारखा पट्टा, मांडीवरची तुटलेली रेघ, त्याखालचे दोन ठिपके. फरक सापडेना. सहकारी मुलीने वेगळं बसून पाहिलं, तिलाही सापडेना. ती आमची ओळखीची होती. दोन हंगाम आमच्या कॅमेऱ्यांसमोरून गेलेली, दोन्ही बाजूंनी टिपलेली. आणि तिचं जंगल त्या गावापासून पार पलीकडे, एका रुंद नदीच्या दुसऱ्या अंगाला होतं.

आता तो माणूस मेला त्या दिवशीचे फोटो. तिकडच्या कॅमेऱ्यांची मेमरी कार्डं आमच्याकडे येऊन पडलेलीच होती. त्या दिवशी सकाळी ती स्वतःच्या जंगलात कॅमेऱ्यांच्या एका जोडीमधून गेली होती, ओली, शेपटी वर, दोन्ही कुशी स्वच्छ. मी जवळजवळ पळतच बॉसबाईंकडे गेले. त्या खूश होतील अशी माझी वेडी अपेक्षा. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलेलं असू शकतं. तारीख खरी कशावरून?"

मला त्यांचा इतका राग आला की दोन मिनिटं मी खिडकीबाहेर बघत उभी राहिले. पण बाईंचं बरोबर होतं. घड्याळ चुकलेलं निघालं तर आम्ही कदाचित एक माणूसमार वाघीण सोडून देणार होतो, आणि उद्या दुसऱ्या कोणाचा तरी भाऊ मरणार होता. मग बाईंनीच वाट दाखवली. कांदळवनात आणखी एक घड्याळ असतं, भरतीचं. त्याच कॅमेऱ्याने त्या आठवड्यात टिपलेले सगळे फोटो आम्ही क्रमाने लावले. प्रत्येकात चिखलातून वर आलेल्या मुळांना पाणी कुठवर आहे ते पाहिलं आणि भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडलं. तक्त्यात भरती तेव्हा फोटोत पाणी, तक्त्यात ओहोटी तेव्हा फोटोत चिखल. एकही फोटो बेसूर निघाला नाही. घड्याळ खरं होतं. बाईंनी तेव्हा पहिल्यांदा माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आता लिही."

मी लिहिलं. फोटो उलटा आला होता एवढंच लिहिलं, कोणी काढला ते लिहिलं नाही. तो माणूस कोणत्या वाघाने मारला हे आम्हाला माहीत नाही, हेही लिहिलं. त्या गावात एक बाई होती, जिचा नवरा गेला होता, आणि आम्ही तिला सांगत होतो की ज्याच्यावर राग काढत होतीस तो हा नव्हे, खरा कोण ते ठाऊक नाही. माझ्या आईला असं कोणी सांगितलं असतं तर तिने काय केलं असतं, याचा मी विचार करत राहिले.

काही दिवसांनी व्हिडिओ आला. आम्ही सगळे एका टेबलाभोवती जमून बघितला. लाँचच्या टोकाला पिंजरा, समोर ओहोटीचा राखाडी चिखल आणि त्यामागे तिचं जंगल. दार वर ओढलं तरी ती बाहेर येईना. मग एकदम झेप, पाण्यात मोठा खळबळाट, आणि नुसतं डोकं पोहत निघालेलं दिसलं. काठाला लागली, चिखलात पोटापर्यंत रुतली, स्वतःला ओढून काढलं आणि झाडांत शिरली. मागे वळून बघितलंसुद्धा नाही. मला रडू आलं. सहकारी मुलगी टिश्यू पुढे करत होती आणि स्वतःही वापरत होती.

पुढच्या हंगामात त्या गावाच्या बाजूलाही कॅमेरे लागले. ते गावानेच मागितले. आमच्या माणसांचा तिथल्या लोकांशी खरा संबंध तिथून सुरू झाला. वाघ आत येऊ नये म्हणून गावाच्या कडेने लावलेली, फाटलेली नायलॉनची जाळी पुन्हा बांधून झाली, आणि कॅमेऱ्यांत वाघ दिसलेल्या खाडीत माणसं काही दिवस जाईनाशी झाली. त्या हंगामात गावात कोणी मेलं नाही. आमच्यामुळे, असं मी म्हणणार नाही. पण मेलं नाही. आणि आमच्या प्रयोगशाळेचा नियम बदलला: चेहरा झाकायचा, माणूस कापायचा नाही.

हे सगळं मी आईला सांगितलं नव्हतं. सांगायला भीत होते. एका रविवारी फोनवर तिनेच, का कोण जाणे, विचारलं, "तुया वाघायचं काय चालू हाय?" आणि मी सांगून टाकलं. उलटा फोटो, खिसा, भरतीचं पाणी, सगळं. फोन तुटला की काय असं वाटून मी "आई?" म्हटलं.

"हाय," ती म्हणाली. मग, "माह्या भावाच्या वाघाले कोनी असं पाह्यलं नाही."

त्या वाघाचा कुठेही फोटो नव्हता, ना एका बाजूचा, ना दुसऱ्या. तिने पुढे पाऊस किती झाला ते सांगितलं आणि फोन ठेवला.

त्यानंतरच्या वर्षी सुंदरबनातून कार्डं आली तेव्हा मीच ती संगणकात घालत होते. एका फोटोत ती होती. चिमट्यासारखा पट्टा, तुटलेली रेघ. तिच्या मागे, तिच्या पायांत पाय अडकवत, दोन पिल्लं चालली होती. सहकारी मुलीला हाक मारायच्या आधी मी व्हरांड्यात जाऊन आईला फोन लावला. तिला सांगितलं की ती आमची वाघीण, तिला दोन पिल्लं झाली आहेत.

पाठीमागे तिच्या अंगणात कोणीतरी बादली ठेवल्याचा आवाज आला.

"पिल्लायचे दोन्ही बाजूचे फोटो काढून ठेवजो, बाई," ती म्हणाली.